ब्रेडी, लियम
ब्रेडी, लियम : (१३ फेब्रुवारी १९५६ – ). आयर्लंडचे निवृत्त फुटबॉलपटू. जन्म डब्लिन येथे. डाव्या पायाचे कसबी मध्यरक्षक म्हणून ख्याती. १९७३ मध्ये त्यांनी आर्सेनलकडून पदार्पण केले. १९७९ च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडने अखेरच्या मिनिटांत बरोबरी साधली. तेव्हा ब्रेडींनीच सुरू केलेल्या चढाईतून ॲलन संडरलँड यांचा विजयी गोल झाला.

१९८० मध्ये ते इटलीच्या युव्हेंटसमध्ये गेले आणि लागोपाठ दोन लीग विजेतेपदांत सहभागी झाले. दुसऱ्याची कथा विलक्षण आहे. फ्रेंच खेळाडू मिशेल प्लातिनी संघात येणार असल्याने आपली जागा जाणार, हे ठाऊक असूनही शेवटच्या सामन्यात कातांझारोविरुद्ध निर्णायक पेनल्टी त्यांनी शांतपणे गोलात धाडली. पुढे साम्पदोरिया, इंटर मिलान, आस्कोली व वेस्ट हॅम या संघांतून खेळून १९९० मध्ये ते निवृत्त झाले.

आयर्लंडसाठी त्यांनी ७२ सामन्यांत ९ गोल केले. मात्र विश्वचषकात वा युरोपीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत खेळण्याची संधी एवढ्या गुणी खेळाडूला कधीच लाभली नाही. सेल्टिक व ब्रायटनचे व्यवस्थापकपद सांभाळल्यावर १९९६ पासून त्यांनी आर्सेनलच्या युवा अकादमीची धुरा दीर्घकाळ वाहिली.