कान, मापनयंत्र आणि कपॅसिटर

घरी ध्वनिवर्धक बांधणाऱ्या हौशी मंडळींत एक वाद चार दशकांहून अधिक काळ चालू आहे: ध्वनिसंकेताच्या वाटेत कोणता कपॅसिटर, म्हणजे धारित्र, घालावा? वाद वरवर तांत्रिक वाटतो. मात्र त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही परका नाही. रसिकाच्या अनुभवाला पुरावा मानावे काय?

१९४७ च्या एप्रिल-मे महिन्यांत ब्रिटनच्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांनी व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाचा आराखडा प्रसिद्ध केला. १५ वॅट शक्तीला विरूपण जेमतेम ०.१ टक्का, ही त्याची कीर्ती. असंख्य हौशी लोकांनी तो घरी बांधला. दोन टप्प्यांना जोडणारा कपॅसिटर एकदिश दाब अडवतो आणि संगीताचा बदलता संकेत पुढे जाऊ देतो. त्या काळचा कागदी कपॅसिटर झिरपू लागला, की पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर धन दाब चढे, प्रवाह अनावर होई आणि व्हॉल्व्ह निकामी होण्याची भीती असे. साहजिकच निवडीची पहिली कसोटी टिकाऊपणाची होती.

ही कसोटी १९८० मध्ये बदलली. अमेरिकेतील 'ऑडिओ' मासिकाच्या फेब्रुवारी व मार्चच्या अंकांत वॉल्ट युंग आणि रिचर्ड मार्श यांनी 'पिकिंग कपॅसिटर्स' हा लेख दोन भागांत लिहिला. सारख्या मूल्याचे दोन कपॅसिटर सारखे वागतीलच असे नाही, हा त्यांचा मुद्दा. कपॅसिटर पूर्ण रिकामा करून टोके मोकळी सोडली, तरी काही वेळाने त्यावर किंचित दाब पुन्हा उमटतो. हा शेष भार नवा नव्हता. लायडन जारच्या अभ्यासकांना तो ठाऊक होता आणि मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात त्याची उपपत्तीही मांडली होती. नवे होते ते त्याचे ऐकण्याशी जोडलेले नाते. पॉलिस्टायरीन, पॉलिप्रोपिलीन व टेफ्लॉन यांत हा दोष अल्प, तर इलेक्ट्रोलिटिकमध्ये बराच मोठा.

प्रतिवादही तितकाच ठाम होता. शेष भाराचा परिणाम मूलतः रेषीय असेल, तर त्यातून मुळात नसलेले स्वर उत्पन्न होऊ शकत नाहीत. डग्लस सेल्फ यांनी इलेक्ट्रोलिटिकच्या विरूपणावर साधा उपाय सुचवला: मूल्य मोठे घ्या. १० किलोओहमच्या पुढे १ मायक्रोफॅरड घातला, तर छेदवारंवारता सुमारे १६ हर्ट्झ येते, आणि खर्जाच्या स्वरांना कपॅसिटरवरच बराच संकेत-दाब पडतो. १० मायक्रोफॅरडला ती १.६ हर्ट्झवर उतरते. कपॅसिटरवर दाबच फारसा उरत नाही, त्यामुळे विरूपणही घटते.

२००२ पासून सिरिल बेटमन यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स वर्ल्ड'मध्ये अतिसूक्ष्म विरूपणाची मोजमापे प्रसिद्ध केली. काही सिरॅमिक प्रकार ठळकपणे दोषी ठरले, पॉलिप्रोपिलीन निर्मळ निघाले. कपॅसिटरच्या प्रकारांत फरक असतो, एवढे यंत्रानेही मान्य केले. परंतु किमतीगणिक गुण वाढतो, या बाजारातल्या समजुतीला त्यातून आधार मिळत नाही.

'मला वेगळे ऐकू आले' या विधानाची थट्टा करून वाद मिटत नाही, आणि ते विधान म्हणजे सिद्धांतही नव्हे. ते शोधाचे निमित्त आहे. वाचकाच्या प्रतिसादाकडे पाहतानाही समीक्षेला हे तारतम्य उपयोगी पडावे: प्रतिसाद खरा मानावा, मात्र त्याचे कारण संहितेत तपासून घ्यावे.