नेतृत्वाचे टाचण

वाईचे नाव काढले की कृष्णेचे घाट आणि विश्वकोशाचे कार्यालय डोळ्यांसमोर येते. परंतु येथून खंबाटकी घाट ओलांडला की खंडाळा तालुक्यात नायगाव लागते आणि ते सावित्रीबाई फुले यांचे माहेर आहे, हे आपल्या मोहल्ल्यातील किती भगिनींना ठाऊक आहे?

आजारपणामुळे माहेरी आलेल्या सावित्रीबाईंनी याच नायगावाहून १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या मागे फातिमाला कामाचा त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणारी नाही, असा विश्वास त्यात आहे. फातिमा शेख यांच्याविषयीच्या नोंदी फार थोड्या उरल्या आहेत. तरी या एका उल्लेखाचे मोल आम्हाला मोठे वाटते. आपण नसलो तरी काम थांबणार नाही, ही खात्री सावित्रीबाईंना होती.

आमच्याजवळ ती खात्री नव्हती. सातवीनंतर घरी बसणाऱ्या मुलींसाठी आम्ही शाळेत मातांची सभा सुरू केली होती. पाच जणींच्या वीस जणी झाल्या. आम्हाला समाधान वाटू लागले. मग आम्ही दोन महिने अंथरुणाला खिळलो आणि त्या काळात एकही सभा झाली नाही. त्या जूनमध्ये तीन मुली आठवीत आल्याच नाहीत. दोष मातांचा नव्हता. सगळे काम आम्ही आमच्याच हातात ठेवले होते.

बी.एड.ला आम्हाला पाठाचे टाचण काढायला शिकवले होते. उद्दिष्ट काय, तयारी कोणती, मूल्यमापन कसे, हे वर्गात जाण्यापूर्वी लिहायचे. स्त्रियांच्या चळवळीत उतरणाऱ्या प्रत्येकीने स्वतःच्या नेतृत्वाचे असेच टाचण का काढू नये? इतिहासात त्याचे दाखले आहेत.

पहिली तयारी. १८४० साली नवव्या वर्षी लग्न झालेल्या सावित्रीबाई जोतीरावांकडे अक्षरे शिकल्या. तेव्हाच्या अहमदनगरला फॅरारबाई आणि पुण्यात मिचेलबाई यांच्याकडे त्यांनी अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली ती अशा मेहनतीच्या बळावर.

दुसरे उद्दिष्ट. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने सात मुस्लिम स्त्रिया मुंबईत विधानसभेवर मोर्चा घेऊन गेल्या. जबानी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद व्हावे, समान नागरी कायदा व्हावा, एवढे त्यांचे मागणे होते. दलवाईंची सर्वच मते आपल्या समाजाला पटली असे नाही. पण एका दमात दिलेला तीन तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला, तेव्हा त्या मोर्चाला ५१ वर्षे झाली होती. मागणे स्पष्ट असले की ते मागणाऱ्यांच्याही पुढे जाते. मात्र त्या सात जणींची नावे आपल्यापैकी किती जणांना सांगता येतील?

तिसरी गोष्ट वारशाची. पुण्यात २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झाले आणि १९७७ साली दलवाईंचे निधन झाले. काम तिथेच संपले असते. नोकरी करून घर सांभाळणाऱ्या मेहरुन्निसा दलवाई यांनी ते पुढे नेले. २०१७ साली त्यांचेही निधन झाले, पण मंडळ राहिले.

हे सारे वाचून आम्ही एका पानावर आमचे टाचण लिहिले. उद्दिष्ट एकच: मोहल्ल्यातील एकही मुलगी सातवीनंतर घरी बसू नये. सोबतीला दोन भगिनी. सभा चालवण्याची पाळी दर महिन्याला वेगळीकडे. आलेल्या प्रत्येकीचे नाव वहीत, कारण नाव लिहिले नाही तर उद्या तिची आठवणही राहणार नाही. आणि मूल्यमापन? आम्ही नसताना सभा होते की नाही, हेच.

गेल्या खेपेस आम्ही मुद्दाम गेलो नाही. दुसऱ्या दिवशी वही पाहिली. एका मातेने मोडक्या उर्दूत चौदा नावे लिहिली होती. खाली एक ओळ होती: पुढची सभा जुम्म्यानंतर, हिच्या घरी.

भगिनींनो, मोर्चा जमेल तेव्हा जमेल. आज रात्री एक पान तरी लिहा आणि त्यावर आपल्या नावाशेजारी दुसऱ्या एखादीचे नाव घाला.