पॅन कार्ड क्लब रोड

पुण्यातल्या बाणेरमध्ये रिक्षावाल्याला 'पॅन कार्ड क्लब रोड' एवढं सांगितलं की पुरतं. कुठला क्लब, कुणाचा क्लब, हे तो विचारत नाही. आयटीत नोकरीला आलेली नवी मंडळी या नावाचा संबंध थेट प्राप्तिकर खात्याशी लावतात. आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या एका मुलाने मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "काका, तिथे पॅन कार्ड लगेच काढून मिळतं का?"

नाव आलं ते पॅन कार्ड क्लब्स लिमिटेडवरून. मुंबईच्या पॅनोरॅमिक उद्योगसमूहातली ही कंपनी. बाणेरच्या टेकडीकडे तिचा क्लब उभा राहिला तेव्हा आजूबाजूला वस्ती तुरळक होती, म्हणून रस्त्याला त्याचंच नाव पडलं. क्लब लोकांना दिसायचा, पण कंपनीचा खरा धंदा पावत्यांचा होता. ठरावीक रक्कम भरायची, त्या बदल्यात हॉटेलात राहायच्या काही रात्री आपल्या नावावर जमा व्हायच्या. या 'रूम नाइट्स' मुदतीत वापरल्या तर ठीक, नाही वापरल्या तर त्या परत करायच्या आणि वाढीव रक्कम घ्यायची. या रकमेला 'सरेंडर व्हॅल्यू' म्हणत. आयुर्विम्याच्या पॉलिसीमुळे हा शब्द आपल्या घराघरांत मुरलेला, त्यामुळे तो ऐकून कुणी बिचकलं नाही. उलट तो ओळखीचा वाटला, आणि बहुधा तिथेच सगळी गोम होती.

वरवर पाहता हा साचा टाइमशेअरचा. ही चीज मुळात युरोपातली, साठच्या दशकातली. सुट्टीचं घर एकट्याला परवडत नाही, तर बावन्न जणांनी एकेक आठवडा वाटून घ्यावा, इतका साधा हिशेब. अमेरिकेत, विशेषतः फ्लोरिडात, सत्तरच्या दशकात न खपलेले फ्लॅट खपवायला बिल्डरांनी तोच उचलला आणि टाइमशेअर बदनाम झालं. ती विक्रीची रीत पुढे आपल्याकडेही जशीच्या तशी आली. मॉलमध्ये एक कूपन भरलं म्हणून आम्हा नवराबायकोला एका हॉटेलात बोलावणं आलं होतं. दोघांनीही यायलाच हवं, ही अट. तीन तास चहा, बिस्किटं आणि समुद्रकिनाऱ्यांचे फोटो. दर अर्ध्या तासाने आधीच्यापेक्षा वरचा साहेब यायचा आणि किंमत खाली यायची. 'आज सही केली तरच हा भाव.' आम्ही सही केली नाही. कबूल केलेला डिनर सेट मिळाला, त्यात सहाऐवजी पाच वाट्या निघाल्या. कंपनीचं नाव कशाला घेऊ, पाच वाट्या अजून वापरात आहेत.

आता दुसरं टोक. 1991 मध्ये डिस्नेने फ्लोरिडातल्या आपल्या थीम पार्कच्या परिसरात व्हेकेशन क्लब काढला. टाइमशेअर हा शब्द बदनाम, म्हणून तो टाळला, पण वस्तू तीच. फरक आखणीत होता. ठरलेला आठवडा न देता पॉइंट दिले. प्रत्येक हॉटेलच्या प्रत्येक मोसमातल्या रात्रीचा पॉइंटांचा भाव आधीच छापलेला. आपल्या 'मूळ' हॉटेलात अकरा महिने आधी नोंदणी करता येते, इतरत्र सात महिने आधी. हॉटेल सुरू करताना त्याचे एकूण पॉइंट ठरतात आणि पुढे ते वाढवता येत नाहीत. मोसमांत इकडचे तिकडे होतील तेवढेच. शिवाय फ्लोरिडाचा कायदाच सांगतो की जागा जितकी, विक्री तितकीच. मालकी कायमची नाही, तिला शेवटची तारीख आहे: सगळ्यात जुन्या हॉटेलाची मूळ मुदत 31 जानेवारी 2042 ला संपते. मधेच कुणी आपला हिस्सा विकायला काढला तर तो त्याच भावाने घेण्याचा पहिला हक्क कंपनीचा. साध्या टाइमशेअरला दुसऱ्या बाजारात अनेकदा कुणी फुकटही घेत नाही. डिस्नेच्या पॉइंटांना गिऱ्हाईक मिळतं, कारण पार्क समोरच आहे आणि मुलांचा हट्ट दरवर्षी नवा असतो. महाग आहेच, वार्षिक देखभालीचं बिलही चुकत नाही. पण खोली आणि पॉइंट यांची तोंडमिळवणी होते.

आपल्याकडे मद्रासमध्ये 1986 साली स्टर्लिंग सुरू झाली, 1996 मध्ये महिंद्रा हॉलिडेज. क्लब महिंद्राचं ठरलेलं सभासदत्व म्हणजे 25 वर्षं, वर्षाला 7 रात्री, मोसमाला जांभळा-लाल-पांढरा-निळा असे रंग. मालकी नाही, फक्त वापराचा हक्क. पुण्यातल्या अनेक घरांत मुन्नारचे फोटो आहेत ते याच 7 रात्रींतले. त्या कंपनीने पंचवीसहून अधिक वर्षं बांधकामं केली, विकत घेतली, भाड्याने घेतली, तेव्हा खोल्या 5 हजारांच्या घरात गेल्या.

हा आकडा लक्षात ठेवून बाणेरकडे परत येऊ. सेबीच्या नोंदीनुसार पॅन कार्ड क्लब्सने सुमारे 51 लाख लोकांकडून 7,035 कोटी रुपये गोळा केले. भागाकार केला तर माणशी 13–14 हजार येतात. लाखांनी पैसे मोजून सहलीचा हक्क घेणारा हा वर्ग नव्हे. ही पोस्टातल्या आवर्त ठेवीची रक्कम आहे, ओळखीच्या एजंटाच्या शब्दावर दिलेली. आणि या 51 लाखांनी एकाच वर्षी एकेकच रात्र मागितली असती, दोघांत एक खोली धरली, तरी वर्षभर रोज भरलेल्या 7 हजार खोल्या लागल्या असत्या. पण रात्र मागायची कुणाला होती?

सेबीनेही तेच धरलं. रात्र न वापरता वाढीव पैसे मिळणार असतील तर ही सहल नव्हे, सामूहिक गुंतवणूक योजना आहे, आणि तिची नोंदणी झालेली नाही. जुलै 2014 मध्ये नवे पैसे घ्यायला बंदी आली. फेब्रुवारी 2016 मध्ये तीन महिन्यांत पैसे परत करण्याचा आदेश निघाला. कंपनीचं अपील रोखे अपील न्यायाधिकरणाने 2017 मध्ये फेटाळलं. मग मालमत्तांवर टाच, मग लिलाव. 2022 मध्ये प्रकरण कंपनी कायदा न्यायाधिकरणात दिवाळखोरीच्या वाटेला लागलं, आणि ठेवीदारांना पुन्हा अर्ज भरायला सांगण्यात आलं: पावती क्रमांक, मुदत, रक्कम.

रस्त्याला मात्र भाव आलाय. परवाच्या पेपरात तीन बेडरूमच्या फ्लॅटची अर्ध्या पानाची जाहिरात होती. पोहण्याचा तलाव, क्लब हाउस, मुलांना खेळायला जागा, आणि खाली ठळक अक्षरांत पत्ता: पॅन कार्ड क्लब रोडपासून दोन मिनिटांवर.