गावच्या हायस्कुलाची पारख

श्रोतेहो, खेड्यातले एखादे लहानसे सार्वजनिक हायस्कूल चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे? आपल्या मुलाला गावच्याच शाळेत ठेवावे की तालुक्याला पाठवावे, याचा विचार करणाऱ्या प्रत्येक पालकाला हा प्रश्न पडतो. वरवर पाहता तो आजचा वाटतो. वस्तुतः तो दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याला वेळोवेळी जी उत्तरे मिळाली, त्यांवर शाळांचे अनुदान, शिक्षकांचा पगार आणि कित्येक मुलांचे नशीब अवलंबून राहिले. म्हणून त्या उत्तरांचा इतिहास पाहणे उपयोगाचे ठरेल.

आरंभी एक आठवण सांगतो. सीमाभागातल्या ज्या खेड्यात मी शिकलो, तेथे दिपोटी येणार ही वार्ता आठ दिवस आधी पोहोचत असे. मग भिंतींना चुना लागे, पलीकडच्या गावाहून नकाशे उसने येत, आणि अभ्यासात मागे असलेल्या चार-सहा मुलांना ‘उद्या घरीच राहा’ असे हळूच सांगण्यात येई. एके वर्षी त्या मुलांत माझा बाकसोबती होता. साहेबांनी वर्ग पाहिला, दोन कविता म्हणून घेतल्या, चहा घेतला आणि शेरेबुकात समाधान व्यक्त केले. माझा सोबती त्यानंतर शाळेत आलाच नाही. शेरेबुकात त्याची नोंद असण्याचे कारणच नव्हते.

आता इतिहासाकडे वळू. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या उत्तीर्णांपैकी होत. दोघेही मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतून पुढे आले. परंतु रानड्यांचे आरंभीचे शिक्षण कोल्हापुरास आणि भांडारकरांचे रत्नागिरीस झाले होते. परीक्षेच्या यादीवरून शाळेची किंमत ठरवावयाची, तर सारे श्रेय मुंबईच्या पदरात पडते. ज्या दूरच्या शाळांनी पाया घातला, त्यांचे नाव यादीत येत नाही. परीक्षेच्या मापातला हा दोष पहिल्या दिवसापासूनचा आहे.

पुढे हे माप केवळ कौतुकाचे राहिले नाही. त्याला पैसा जोडला गेला. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान देण्याचे तत्त्व मान्य केले होते. अनुदान द्यावयाचे, पण किती? इंग्लंडात रॉबर्ट लो यांनी १८६२ साली प्राथमिक शाळांपुरते याचे रोखठोक उत्तर दिले. मूल वाचन, लेखन आणि गणित या विषयांत निरीक्षकापुढे जसे उतरेल, तसा पैसा शाळेला मिळेल. हजेरीबद्दल चार शिलिंग, परीक्षेबद्दल आठ शिलिंग, आणि नापास झालेल्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स वजा! कवी मॅथ्यू आर्नल्ड हे स्वतः शाळांचे निरीक्षक होते. या पद्धतीने शिकवणे यांत्रिक होते, अशी टीका त्यांनी सातत्याने केली. तथापि ‘निकालानुसार अनुदान’ ही कल्पना समुद्र ओलांडून मुंबई इलाख्यातही आली आणि येथील खासगी शाळांना लागू झाली.

हिचा परिणाम काय होणार, हे आपल्याकडे महात्मा जोतीराव फुले यांनी स्पष्टपणे ओळखले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे लेखी निवेदन सादर केले, ते शाळेची पारख या दृष्टीने आजही वाचण्याजोगे आहे. ज्या समाजात अद्याप शिक्षणाची गोडीच उत्पन्न झालेली नाही, तेथे निकालावर पैसा देण्याची पद्धत सर्वथा गैरलागू आहे, कारण अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोणाही शिक्षकाचे पोट भरणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे जेथे शाळेची गरज सर्वांत मोठी, तेथेच ही पद्धत शाळा उभी राहू देत नाही. त्याच निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांच्या तपासणीवरही बोट ठेवले. दिपोटीने वर्षातून एकदा येऊन जाण्याने फारसा लाभ होत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी, आणि अधूनमधून पूर्वसूचना न देता व्हावी, असे त्यांनी सुचविले. ते वाचताना मला आमच्या शाळेचा चुना आणि उसने नकाशे आठवले. जोतीरावांना हे सारे ठाऊक होते!

निकालानुसार अनुदानाची ही पद्धत विसाव्या शतकाच्या आरंभी मोडीत निघाली. परंतु तोवर हायस्कूल म्हणजे प्रामुख्याने शहरातली गोष्ट होती. ती खेड्याच्या आवाक्यात आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागेल, त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील अग्रभागी आहेत. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापली, १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले, आणि १९४० साली तेथेच महाराजा सयाजीराव यांच्या नावाने विनाशुल्क हायस्कूल सुरू केले. हे नाव यथार्थ होते. सयाजीरावांनी बडोदे संस्थानात १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो संस्थानभर नेला. प्रजेतले प्रत्येक मूल शाळेत आले पाहिजे, हा राजाचा आग्रह. आणि आलेल्या मुलाने स्वतःच्या श्रमावर पुढे शिकले पाहिजे, हा कर्मवीरांचा. या दोघांच्या मापात पहिला प्रश्न ‘किती उत्तीर्ण झाले?’ हा नव्हता. ‘कोण आत आले?’ हा होता.

स्वातंत्र्यानंतर खेडोपाडी हायस्कुले झपाट्याने वाढली आणि जुने माप नव्या नावाने परत आले. मुंबई राज्यात १९४९ पासून मॅट्रिकच्या जागी एस. एस. सी. परीक्षा आली. निकालाच्या दिवशी एस. टी.ने येणाऱ्या वृत्तपत्राभोवती गाव जमे, आणि शाळेची अब्रू टक्केवारीवर ठरे. येथे साधे गणित करून पाहावे. एका लहान शाळेतून बारा मुले बसली व नऊ उत्तीर्ण झाली, तर निकाल ७५ टक्के. पुढच्या वर्षी बारांपैकी दोघे ऐन परीक्षेत हिवतापाने पडले आणि एवढ्यानेच नवांचे सात झाले, तर निकाल ५८ टक्के. शिक्षक तेच, शिकवणे तेच. पण शाळा घसरली, असे गाव म्हणणार. दोनशे मुले बसवणाऱ्या शहरी शाळेत तीच दोन मुले आजारी पडली, तर निकाल अवघा एक टक्क्याने हलतो. याहून वाईट म्हणजे टक्केवारी राखण्याची सोपी युक्ती सर्वांना ठाऊक असे: चाचणी परीक्षेत कच्च्या ठरलेल्या मुलाचा फॉर्मच अडवावयाचा. शंभर टक्के निकालामागे अडवलेले फॉर्म किती, हे कोणी विचारीत नसे.

सरकारी विचारवंतांना हे कळले नव्हते, असे नाही. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ च्या अहवालात बाह्य परीक्षांचे स्तोम कमी करावे, मुलाच्या वर्षभरातील कामाची नोंद ठेवून तिला महत्त्व द्यावे, आणि तपासणी एकट्या निरीक्षकाने न करता जाणकारांच्या मंडळाने करावी, अशा शिफारशी केल्या. निरीक्षकाने शाळेच्या अडचणी समजून घेऊन सल्ला द्यावा, ही त्यामागील दृष्टी होती. १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने आणखी एक पाऊल टाकले. कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक या आयोगाचे सदस्य-सचिव होते. हायस्कूल आणि भोवतालच्या प्राथमिक शाळा यांचे एक संकुल करावे, म्हणजे शिक्षक आणि साधने यांचा लाभ परस्परांना होईल, असे आयोगाने सुचविले. एकट्या पडलेल्या लहान शाळेला दोष देण्यापूर्वी तिचे एकटेपण दूर करावे, असा या सूचनेचा अर्थ मी लावतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हीच शाळासंकुलाची कल्पना पुन्हा आली आहे. मधली चोपन्न वर्षे काय सांगतात, हे वेगळे बोलावयास नको.

मग निकाल पाहूच नये काय? तसे मुळीच नाही. मुलांना वाचता-लिहिता येत नसेल, तर शाळेच्या सद्भावनेचे कौतुक करून भागणार नाही. निकाल अवश्य पाहावा. पण एका वर्षाचा न पाहता पाच-सात वर्षांचा पाहावा, आणि त्यासोबत जनरल रजिस्टर उघडावे. आठवीत नाव घातलेल्यांपैकी दहावीपर्यंत किती टिकले? त्यांत मुली किती? गणित आणि इंग्रजी यांचा शिक्षक किती वर्षे गावात राहिला? ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप आहे, की पुस्तके मुलांच्या हाती जाऊन मळली आहेत? मूल आले तेव्हा कोठे होते आणि गेले तेव्हा कोठवर पोहोचले? या मधल्या अंतरात शाळेचे खरे काम असते, आणि ते अंतर गुणपत्रिकेवर छापून येत नाही.

शाळेची पारख करावयास जाल तेव्हा, श्रोतेहो, कोणालाही न कळवता जावे. वर्गात गेल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलाला प्रश्न विचारण्याआधी कॅटलॉग मागून घ्यावा, आणि गुरुजींना एवढेच विचारावे: आज जो आलेला नाही, तो कोठे आहे? त्याचे उत्तर ज्या गुरुजींना तत्काळ देता येते, त्यांची शाळा चांगली आहे असे खुशाल समजावे. माझ्या बाकसोबत्याविषयी तो प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता, तर कदाचित तो माझ्यासोबत मॅट्रिकला बसला असता.