आयर्लंडची जळालेली खानेसुमारी व वंशशोधनाच्या आडवाटा

१. प्रस्ताव

कुलवृत्तांत लिहिणाऱ्या गृहस्थांच्या दोन तक्रारी आमच्या कानीं वारंवार येतात. पहिली अशी कीं, आपल्याकडे खानेसुमारीचीं घरवार पत्रकें राहिलीं नाहींत, म्हणून आपल्या वंशावळी निराधार. दुसरी अशी कीं, पाश्चात्य देशांत सर्व कागद राखलेले असून आतां ते आंतरजालावर घरबसल्या पाहावयास मिळतात, म्हणून तेथील काम अगदीं सोपें. यांपैकीं पहिली तक्रार खरी आहे. मुंबई इलाख्यांत १८७२ सालीं व पुढें १८८१ पासून दर दहा वर्षांनीं खानेसुमारी झाली व तिचे छापील अहवाल उपलब्ध आहेत. परंतु एकेका घरांतील माणसांचीं नांवें ज्यांवर लिहिलीं ते मूळ कागद पुढें राखण्याचा प्रघात नव्हता. शिवाय १९४८ च्या खानेसुमारीच्या कायद्याचें १५ वें कलम असे कागद पाहूं देत नाहीं. दुसरी तक्रार मात्र अर्धीच खरी आहे, व तें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों तो प्रसंग घरगुती आहे. आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा विवाह आयर्लंडांतील एका कुटुंबांत झाला. मुलांसाठीं दोन्ही कुळांची वंशावळ करून द्यावी, अशी त्यानें विनंती केली. पितृकुळ कोंकणांतलें असल्यामुळें वाट परिचयाची होती. मातृकुळ टिप्परेरी परगण्यांतलें. त्या बाजूची वंशावळ कोणा नातलगानें आंतरजालावर तयार करून ठेवलीच होती. ती तपासून मराठींत उतरवावी एवढेंच काम आमच्याकडे आलें. तपासूं लागल्यावर तिचा मधला दुवाच खोटा निघाला.

२. पत्रकांचा नाश

आयर्लंडांत पहिली पूर्ण खानेसुमारी १८२१ सालीं झाली व तेथून १९११ पर्यंत दर दहा वर्षांनीं होत गेली. म्हणजे दहा खानेसुमाऱ्या झाल्या. यांपैकीं पूर्णपणें हातीं आहेत त्या केवळ शेवटच्या दोन, १९०१ व १९११ च्या. बाकी आठांचा नाश तीन प्रकारांनीं झाला, व हे प्रकार वेगवेगळे ध्यानांत ठेवणें अवश्य आहे.

१८६१ व १८७१ चीं पत्रकें आंकडे काढून झाल्यावर सरकारच्याच हुकुमानें नष्ट करण्यांत आलीं. १८८१ व १८९१ चीं पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगद्यासाठीं गेलीं. कागदाची टंचाई हें त्याचें कारण सांगतात. १८२१, १८३१, १८४१ व १८५१ या चार वर्षांचीं पत्रकें डब्लिन येथील फोर कोर्ट्स या इमारतींच्या आवारांतील सरकारी दफ्तरखान्यांत होतीं. १९२२ च्या एप्रिलांत तहविरोधी पक्षानें ती जागा ताब्यांत घेतली. २८ जून रोजीं तिच्यावर तोफा सुरू झाल्या, आणि ३० जून रोजीं मोठा स्फोट होऊन दफ्तरखाना जळाला. पुढची खानेसुमारी १९२१ सालीं व्हावयाची ती युद्धामुळें झालीच नाहीं. ती १९२६ सालीं झाली, व शंभर वर्षांच्या मुदतीनंतर २०२६ च्या एप्रिलांत ती खुली करण्याचें ठरलें.

या नाशांत एक गोष्ट विशेष दुःखाची आहे. १८४१ सालीं आयर्लंडची लोकसंख्या ८१,७५,१२४ होती. १८५१ सालीं ती ६५,५२,३८५ भरली. मधल्या दहा वर्षांत बटाट्याच्या पिकाचा नाश, दुष्काळ, रोगराई व देशत्याग हीं सर्व आलीं. या दोन्ही खानेसुमाऱ्यांच्या पत्रकांवर हजर माणसांबरोबरच परगांवीं गेलेल्या व मागील दहा वर्षांत मेलेल्या घरच्या माणसांचींही नांवें लिहून घेतलीं होतीं. आंकडे अहवालांत छापले गेल्यामुळें वांचले. जीं माणसें त्या आंकड्यांत होतीं त्यांचीं नांवें जळालीं.

जे तुकडे उरले ते थोडे: १८२१ चे कॅव्हन, फर्मना, गॉलवे, मीथ व ऑफली येथील कांहीं भाग, १८३१ चा बहुतेक डेरी परगणा, १८४१ ची कॅव्हनमधील किलेशँड्रा ही एक पॅरिश, व १८५१ चा अँट्रिमचा कांहीं भाग. टिप्परेरीच्या वाट्यास यांपैकीं कांहींच आलें नाहीं.

३. अनुपलब्धीचा विचार

आंतरजालावर नांव शोधावें, उत्तर ‘नोंद नाहीं’ असें यावें, आणि शोधणाऱ्यानें माणूसच नव्हता असें मानावें, किंवा त्या नांवाचा दुसरा कोणी उचलून त्या जागीं बसवावा, या दोन चुका सर्वत्र आढळतात. आमच्या मीमांसकांनीं याचा विचार फार पूर्वीं केला आहे. जमिनीवर घट दिसत नाहीं, म्हणून घट नाहीं, हें अनुमान केव्हां खरें? घट असता तर तो दिसलाच असता, इतका उजेड असेल तेव्हां. अंधारांत घट न दिसणें हा घटाच्या अभावाचा पुरावा नव्हे. पहिलीस योग्यानुपलब्धि म्हणतात. वंशशोधनांत ‘नोंद नाहीं’ असें म्हणण्यापूर्वीं उजेड किती होता तें पाहिलें पाहिजे.

येथें अंधार दोन तऱ्हांचा आहे. एक दफ्तराचा, तो वर सांगितला. दुसरा सूचीचा. १९०१ व १९११ चीं पत्रकें आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारानें २००७ ते २०१० या काळांत आंतरजालावर विनामूल्य खुलीं केलीं, हा मोठाच उपकार झाला. तथापि हस्ताक्षर वाचून सूची करणाऱ्यांच्या हातून चुका होणारच. ‘ओ’ व ‘मॅक’ हीं उपपदें आडनांवांस कधीं लागतात, कधीं गळतात. कांहीं कुटुंबांनीं पत्रक आयरिश भाषेंत भरलें, तेव्हां नांवाचें रूपच पालटतें. यावर उपाय एकच: आडनांव सोडून द्यावें व गांव धरावें. तेथील महसुली व्यवस्थेंत ‘टाउनलँड’ हा सर्वांत लहान घटक आहे. त्या टाउनलँडचीं सर्व घरें एकामागून एक वाचून काढावीं. आम्ही पाटील-कुलकर्ण्यांच्या दफ्तरांत याहून वेगळें काय करितों?

४. आडवाटा

पत्रकें नसलीं तरी त्या काळच्या माणसांस सरकार, जमीनदार व धर्मसंस्था यांच्या वह्यांतून सुटका नव्हती.

पहिली वाट जमिनीची. १८२३ ते १८३८ या काळांत प्रस्थापित चर्चच्या दशांश करासाठीं शेतजमीन कसणाऱ्यांच्या याद्या झाल्या. त्यांत शहरें व भूमिहीन मजूर येत नाहींत. पुढें १८४७ ते १८६४ या काळांत रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखालीं घरें व जमिनी यांची आकारणी होऊन ती छापली गेली. प्रत्येक टाउनलँडांत कोण राहतो, कोणाकडून जमीन धरतो व आकार किती, हें तींत आहे. एकाच गांवांत एकाच नांवाचे दोघे असले तर कंसांत बापाचें नांव किंवा टोपणनांव देऊन त्यांची ओळख पटविली आहे. मोडी कागदांतील ‘बिन’ या शब्दाचें कार्य तेथें हा कंस करितो. आकारणीच्या पुढील दुरुस्तीच्या वह्यांत जमीन एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचें वर्ष सांपडतें, व त्या वर्षाच्या आसपास मृत्यूची नोंद शोधतां येते.

दुसरी वाट जन्ममृत्यूंची. सर्व धर्मांच्या लोकांची जन्म, मृत्यु व विवाह यांची सरकारी नोंद १८६४ पासून सुरू झाली. विवाहाच्या नोंदींत वधूवरांच्या बापांचीं नांवें असल्यामुळें एक पिढी हमखास मागें जातां येतें. कॅथलिक पॅरिशांच्या वह्या सामान्यतः सरकारी दफ्तरखान्यांत ठेवलेल्या नव्हत्या, म्हणून त्या आगींतून वांचल्या. राष्ट्रीय ग्रंथालयानें २०१५ सालीं त्यांच्या प्रतिमा खुल्या केल्या. यांत आईचें माहेरचें आडनांव व धर्ममातापित्यांचीं नांवें मिळतात. तथापि कित्येक वह्या उशिरां सुरू होतात, व कित्येकींत दुष्काळाच्या वर्षांच्या सुमारास पानेंच नाहींत.

तिसरी वाट सर्वांत विलक्षण आहे. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस १ जानेवारी १९०९ पासून पेन्शन मिळूं लागली. ती आठवड्यास जास्तींत जास्त पांच शिलिंग असे. पण जन्माची सरकारी नोंद १८६४ पासूनची, आणि अर्जदार जन्मलेले त्याच्या कितीतरी आधींचे! वय सिद्ध करावें कसें? म्हणून डब्लिनच्या दफ्तरखान्यांत १८४१ व १८५१ चीं पत्रकें काढून त्या घरांत अर्जदाराचें नांव आहे कीं नाहीं, हें कारकून पाहूं लागले. अर्जदारानें आईबापांचीं नांवें, टाउनलँड व पॅरिश कळवावी. कारकुनानें जें सांपडेल तें त्या फॉर्मवर उतरून घ्यावें. मूळ पत्रकें १९२२ सालीं जळालीं, पण हे फॉर्म राहिले, व आज ते आंतरजालावर पाहतां येतात. कांहींवर एकच नांव आहे, कांहींवर सबंध घर आहे, कांहींवर ‘शोध लागला नाहीं’ एवढाच शेरा आहे.

५. एक उदाहरण

आतां आमच्या प्रकरणाकडे येऊं. कुटुंबाचें नांव देण्याचें कारण नाहीं. आमची पद्धति अरुंधतीदर्शनन्यायाची: जवळचा ठळक तारा आधीं पाहावा, मग त्याच्या आधारानें पुसटसा. १९११ च्या पत्रकांत एका घराचा कर्ता, त्याची बायको, मुलें व कर्त्याची बहीण अशीं माणसें होतीं. बहीण अविवाहित, वय ७०. तीच बाई १९०१ च्या पत्रकांत ५६ वर्षांची. दहा वर्षांत तिचें वय चौदा वर्षांनीं वाढलेलें पाहून आम्हांस हंसूं आलें. पेन्शनच्या आशेनें वय वाढविलेल्या अशा वृद्धांचे दाखले अभ्यासक नेहमीं देतात, व ही त्यांतलीच एक असें आम्हीं टिपणांत लिहूनही ठेवलें.

कर्त्याचा विवाह १८७३ सालचा. त्या नोंदींत बापाचें नांव मिळालें, व ग्रिफिथच्या आकारणींत त्याच टाउनलँडांत त्या नांवाचा खातेदारही मिळाला. आंतरजालावरील वंशावळींत मात्र या कर्त्याचा बाप्तिस्मा शेजारच्या पॅरिशींत १८४५ सालीं झाल्याचें दाखवून तेथील आईबाप त्यास चिकटविले होते. मुलाचें नांव तेंच, बापाचें नांवही तेंच. पण त्या शेजारच्या गांवच्या दुरुस्तीच्या वह्या पाहतां तेथील जमीन त्याच नांवाच्या बापाकडून त्याच नांवाच्या मुलाकडे गेली होती, आणि तो मुलगा १९०१ सालीं तेथेंच आपल्या घरीं हयात होता. एकच माणूस एका रात्रीं दोन घरांत मोजला जाणें शक्य नाहीं. अर्थात् तो आमचा नव्हे. थोरल्या मुलास आजाचें नांव ठेवण्याची चाल आपल्याप्रमाणें तेथेंही असल्यामुळें तीं तींच नांवें पिढ्यान् पिढ्या फिरतात, व असले घोटाळे होतात.

मग आपले आईबाप कोण? आपल्या पॅरिशीच्या वहीस नेमकीं तींच वर्षें नाहींत. वाट येथें संपते असें वाटलें, तोंच त्या बहिणीची आठवण झाली. पेन्शनच्या फॉर्मांत तिचें नांव शोधलें. १९११ सालचा फॉर्म मिळाला. पत्ता भावाच्या घरचा. खालीं कारकुनाच्या हातचा १८५१ च्या पत्रकाचा उतारा: बाप, आई, मुलगी वय १०, मुलगा वय ६. बापाचें नांव विवाहाच्या नोंदीशीं जुळलें. आईचें नांव वंशावळींतील आईपेक्षां निराळें निघालें.

आणि मुलगी दहा वर्षांची, म्हणजे १९११ सालीं बरोबर सत्तर. चुकलें होतें तें १९०१ चें वय. म्हातारीनें खोटें सांगितलें नव्हतें. खोटें आम्हीं लिहिलें होतें. टिपणांतील तो शेरा आम्हीं खोडला. आठवड्याच्या पांच शिलिंगांसाठीं तिनें तो अर्ज केला नसता, तर तिच्या आईचें नांव आज जगांत कोठेंही उरलें नसतें.

६. निष्कर्ष

पहिली गोष्ट, नष्ट झालेल्या दफ्तरांत काय होतें हें आधीं जाणावें. डब्लिनच्या दफ्तरखान्याची मार्गदर्शिका हर्बर्ट वुड यांनीं १९१९ सालीं, म्हणजे आगीपूर्वीं तीनच वर्षें, प्रसिद्ध केली होती. २०२२ सालीं आयर्लंडांत जो ‘आभासी दफ्तरखाना’ उघडण्यांत आला, त्यानें इतरत्र विखुरलेल्या नकला व उतारे गोळा करण्यास त्या यादीचाच आधार घेतला आहे. दुसरी गोष्ट, ज्या माणसाचा शोध करावयाचा त्याच्या भावाबहिणींस सोडूं नये. आपला दुवा पुष्कळदां त्यांच्या कागदांत असतो. तिसरी, वंशावळींत सिद्ध दुवा अखंड रेषेनें व संभाव्य दुवा तुटक रेषेनें दाखवावा, आणि स्थूणानिखननन्यायानें रोंवलेला खांब पुनःपुन्हां हलवून पाहावा.

चौथी गोष्ट आपणांकरितां आहे. खानेसुमारीच्या बाबतींत आयरिश व आपण यांत फार अंतर नाहीं. त्यांचीं आठ खानेसुमाऱ्यांचीं पत्रकें गेलीं, आपलीं राहिलींच नाहींत. पण पुण्याचें पेशवे दफ्तर, वतनाचे कागद, निवाडपत्रें व महजर, आणि नाशिक-त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्या या आपल्या आडवाटा अजून उघड्या आहेत. उपाध्यायांच्या वहीवर यात्रेकरूनें बापाचें, आजाचें, भावांचें नांव सांगितलें तें वंशावळीसाठीं नव्हे, तर श्राद्धासाठीं. म्हातारीनें आईचें नांव सांगितलें तेंही पांच शिलिंगांसाठीं. पोटापाण्याच्या व परलोकाच्या कामासाठीं लिहिलेला कागद वंशासाठीं मुद्दाम रचलेल्या कागदाहून अधिक विश्वसनीय, असा आमचा अनुभव आहे.

अशा वह्या ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं त्यांचीं छायाचित्रें काढून एक प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी, एवढी विनंती करून हा लेख पुरा करितों. आग लागल्यावर यादी करीत बसण्यापेक्षां तें सोपें आहे.