डोक्यावरच्या पट्टीतली कविता

लंडनच्या भुयारी रेल्वेला तिथले लोक ‘ट्यूब’ म्हणतात. १९८६ साली ट्यूबमध्ये बसलेल्या माणसापुढे एक साधीच अडचण असायची : बघायचं कुठे? खिडकीबाहेर बोगद्याचा काळोख. समोर अनोळखी माणूस, त्याच्याकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही. हातात मोबाइल नाही. मग नजर आपोआप समोरच्याच्या डोक्यावरून वर, जाहिरातींच्या पट्टीकडे जायची. जाहिरातदार त्या जागेचे पैसे मोजायचे ते याच नजरेसाठी.

त्या वर्षी जानेवारीत त्या पट्टीवर जाहिरातींच्या शेजारी पाच कविता लागल्या.

कल्पना जुडिथ चेरनाइक यांची. त्या मूळच्या अमेरिकेतल्या, लंडनमध्ये राहणाऱ्या लेखिका. सिसिली हर्बर्ट आणि जेरार्ड बेन्सन या दोन कवींना सोबत घेऊन त्यांनी रेल्वेच्या अधिकाऱ्यांना या गोष्टीसाठी राजी केलं. उपक्रमाचं नाव ‘पोएम्स ऑन द अंडरग्राउंड’. तो सुरू झाला ऑल्डविच स्थानकात.

त्या पाच कविता कोणत्या होत्या, हे बघण्यासारखं आहे. एक रॉबर्ट बर्न्सची, अठराव्या शतकातली : कडाक्याच्या थंडीत पहाटे उठणं आपल्याला जमणार नाही, अशी सरळ तक्रार. जानेवारीत कामावर निघालेल्या माणसाला ती समजावून सांगायची गरजच नव्हती. दुसरी शेलीची ‘ओझिमँडियस’ : वाळवंटात मोडून पडलेला बढाईखोर राजाचा पुतळा. आपलाच माल सर्वश्रेष्ठ म्हणणाऱ्या जाहिरातींच्या रांगेत ही कविता! तिसरी विल्यम कार्लोस विल्यम्सची. बर्फाच्या पेटीतले प्लम खाल्ले म्हणून घरातल्या माणसाची माफी मागणारी चिठ्ठीच ती. आकारानं आपल्या व्हॉट्सॲप मेसेजएवढी. चौथी शेमस हीनीची. तारांवरून जाणारे शब्द पावसाच्या थेंबांत बसून प्रवास करतात, असं वाटणाऱ्या रेल्वेरुळांकाठच्या मुलांची. आणि पाचवी ग्रेस निकल्सची. गयानाहून लंडनला आलेल्या या कवयित्रीला परक्या शहरात आईच्या हातच्या जेवणाची ओढ लागते. त्या डब्यात दूरदेशाहून आलेली, संध्याकाळी एकट्याच्या खोलीवर परतणारी माणसंही बसलेली असणार.

कविता लहानच हव्यात ही अट जागेनं घातली होती. पट्टी तेवढीच, आणि वाचणाऱ्याचं स्टेशन कधीही येणार. पण एक फार मोठी सवलतही होती. कवितेखाली प्रश्न नव्हते. ‘रसग्रहण करा’ नाही, ‘संदर्भासहित स्पष्टीकरण द्या’ नाही. आवडली तर पुन्हा वाचा, नाही तर शेजारची जाहिरात आहेच. शाळेत कवितेशी वाकडं झालेल्या कितीतरी जणांना ती अशी, परीक्षेशिवाय, पहिल्यांदाच भेटली असेल.

१९९२ मध्ये न्यूयॉर्कनं ‘पोएट्री इन मोशन’ सुरू केलं. तिथल्या सुरुवातीच्या कवितांत वॉल्ट व्हिटमनच्या ब्रुकलिनच्या फेरीबोटीवरच्या कवितेचा अंश होता. एकोणिसाव्या शतकात बोटीतून नदी ओलांडताना हा कवी, कित्येक वर्षांनी तीच नदी ओलांडणाऱ्या लोकांशी बोलतो. ते लोक आता त्याच शहराच्या सबवेत बसून त्याला वाचत होते. हा उपक्रम २००८ मध्ये बंद पडला आणि २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाला.

कविता दवाखान्यांतही पोचल्या. न्यूझीलंडमधल्या डनीडिन शहरात २००८ पासून डॉक्टरांकडे थांबलेल्या लोकांसाठी कवितांची छोटी कार्डं ठेवली जाऊ लागली. कार्ड घरी न्यायची मोकळीक. रिपोर्टची वाट बघणं आणि ट्रेनमध्ये बसणं यांत फरक आहे. तिथे वेळ जात नाही आणि मनात नको ते येतं. अशा वेळी चार ओळींनी आजार बरा होत नाही. पण तेवढ्या ओळींपुरतं मन दुसरीकडे जाऊन येतं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. लोक कवितेकडे येत नाहीत म्हणून कुणी कुरकुरत बसलं नाही. लोकांची नजर जिथे रिकामी होती तिथे जाऊन, परवानग्या मागून, त्यांनी कवितेसाठी जागा मिळवली.

आज ती जाहिरातींची पट्टी आपल्या तळहातावर आलीय आणि नजर रिकामी राहतच नाही. एसटी स्टँडवर, ओपीडीच्या बाकावर, लिफ्टसमोर आपण अंगठा सरकवत असतो. तिथे काय दिसावं हे बहुतेक वेळा दुसरंच कुणीतरी ठरवतं.

तरी स्टँडच्या भिंती अजून आहेत. सोसायटीचा नोटीस बोर्डही आहे. पाणी कधी बंद राहणार, एवढंच त्यावर लिहिलेलं असतं. खालची जागा बहुधा मोकळीच असते. आवडती कविता सुवाच्य अक्षरात उतरवायची, खाली कवीचं नाव लिहायचं आणि सेक्रेटरींना विचारायचं. चेरनाइकबाईंनीही सुरुवात विचारण्यापासूनच केली होती.