मद्रासच्या खुर्चीवर आयरिश खासदार, महाडच्या बोर्डावर गोपाळबाबा

‘आधी देश, मग जात’ हा युक्तिवाद आमच्या पिढीलाही ऐकावा लागतो. हल्ली त्याच्या जोडीला आयर्लंड येते. आयर्लंडकडे बघा म्हणतात, तिथे कॅथलिक काय, प्रोटेस्टंट काय, राष्ट्रासाठी एकत्र आले. तुमच्या लोकांनी मात्र इंग्रजांकडे अर्ज-विनंत्या केल्या. ऐरोलीतल्या आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने हाच प्रश्न विचारला. त्याला कॉलेजात कुणीतरी ऐकवले होते आणि उत्तर सुचले नव्हते. प्रश्न टाळण्यासारखा नाही, म्हणून हा लेख.

आयर्लंड आंबेडकरी वाचकाला परके नाही. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविरुद्ध बोलताना डॅनियल ओकॉनेल या आयरिश देशभक्ताचा आधार घेतला. कृतज्ञतेलाही मर्यादा असते, अब्रू आणि स्वातंत्र्य गहाण टाकून कुणाचे ऋण फेडायचे नसते, असा त्याचा आशय. त्याआधी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’मध्ये त्यांनी रेडमंड आणि अल्स्टरवाले यांची गोष्ट सांगितली आहे. होमरूलवाले रेडमंड विचारतात, तुम्हाला हवी ती संरक्षणे मागा. अल्स्टरवाले म्हणतात, खड्ड्यात गेली तुमची संरक्षणे, आम्हाला तुमचे राज्यच नको. बाबासाहेब इथे अल्स्टरच्या सरंजामदारांची बाजू घेत नव्हते. आयर्लंडचा प्रश्न अडला तो कॅथलिक-प्रोटेस्टंट यांच्यातल्या सामाजिक प्रश्नावर, आणि तो प्रश्न मुळात जातीसारखाच होता, हे त्यांना दाखवायचे होते. म्हणजे आयर्लंडचा दाखला आमच्या तोंडावर फेकणाऱ्यांनी बाबासाहेबांनी तो कधीच वाचून, उलटून ठेवला आहे हे तरी पाहावे.

पण आम्हाला आज ज्या आयरिश माणसाकडे लक्ष वेधायचे आहे तो वेगळा. आल्फ्रेड वेब. हे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही, वास्तविक तो काँग्रेसचा अध्यक्ष होता.

वेब १८३४ मध्ये डब्लिनमध्ये जन्मला. घराणे क्वेकर, म्हणजे प्रोटेस्टंटांमधलाही एक छोटा पंथ. व्यवसाय छापखान्याचा. वडील रिचर्ड वेब गुलामगिरीच्या कट्टर विरोधातले. अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस १८४५ मध्ये आयर्लंडला आले, तेव्हा त्यांच्या आत्मकथेची डब्लिन आवृत्ती याच घराने छापली. अशा घरात वाढलेला मुलगा पुढे आयरिश होमरूलच्या चळवळीत गेला आणि १८९० मध्ये वेस्ट वॉटरफर्डमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आला. १८९३ मध्ये ग्लॅडस्टनचे दुसरे होमरूल विधेयक कॉमन्समध्ये मंजूर झाले आणि लॉर्डांनी फेटाळले, तेव्हा तो सभागृहात होता. दादाभाई नौरोजी १८९२ पासून त्याच सभागृहात होते. दादाभाई १८९३ च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि पुढच्या वर्षी, डिसेंबर १८९४ मध्ये, मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद आल्फ्रेड वेबला मिळाले.

आणखी एक तपशील आम्हाला फार बोलका वाटतो. १८८८ मध्ये कॅथरिन इम्पी या क्वेकर बाईंनी इंग्लंडमध्ये एक छोटे मासिक सुरू केले. त्याचे नाव ‘अँटी-कास्ट’. विषय मुख्यतः वर्णभेदाचा, अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हालांचा. पण शब्द निवडला ‘कास्ट’. वेब याच वर्तुळातला माणूस. म्हणजे १८९४ मध्ये काँग्रेसच्या सर्वोच्च खुर्चीवर जो बसला, त्याच्या घरात गुलामगिरीविरुद्धची पुस्तके छापली जात होती आणि त्याच्या ओळखीपाळखीत जात या शब्दाने माणसामाणसातल्या भेदाचा निषेध होत होता. काँग्रेसला असा अध्यक्ष चालला, हे तिच्या मोठेपणाचे लक्षण म्हणून सांगता येईल. आम्हीही नाही म्हणत नाही. फक्त त्याच काळात कोकणात काय चालले होते ते शेजारी ठेवून वाचावे.

गोपाळबाबा वलंगकर. जन्म सुमारे १८४० चा, महाडजवळच्या रावढळचा. जात महार. फौजेत नोकरी केली आणि १८८६ मध्ये निवृत्त होऊन दापोलीला राहिले. दापोली त्या वेळी पेन्शनर शिपायांचे गाव होते. ज्यांनी बंदूक धरली, हिशेब लिहिले, पलटणीच्या शाळेत अक्षरे गिरवली आणि परत आल्यावर गावाने ज्यांना पुन्हा वेशीबाहेर उभे केले, अशा माणसांची तिथे वस्ती होती. सुभेदार रामजीही निवृत्तीनंतर काही काळ तिथे होते. आमच्या मते आंबेडकरी राजकारणाचा सामाजिक पाया शोधायचा तर तो या पेन्शनर वस्तीत शोधावा लागतो. पगार गावाकडून नाही, बलुते नाही, पाटलाची मेहरबानी नाही. पोटापाण्याचा दोर गावच्या हातून सुटला की माणूस प्रश्न विचारू लागतो.

गोपाळबाबांनी विचारले. जोतीराव फुल्यांच्या विचारांनी ते भारले गेले होते. ‘दीनबंधू’त त्यांनी लिहिले. १८८८ मध्ये ‘विटाळ विध्वंसन’ ही पुस्तिका काढली. इंग्लंडात ‘अँटी-कास्ट’ निघाले ते हेच वर्ष, योगायोगच. पुस्तिकेत महाराष्ट्रातल्या उच्चवर्णीय शहाण्यासुरत्यांना २६ प्रश्न विचारलेले आहेत. विटाळ आला कुठून, त्याला आधार काय, याची उत्तरे त्यांना त्या मंडळींकडून हवी होती. इथे त्यांची पद्धत लक्षात घ्या. पदर पसरलेला नाही, कीर्तन नाही. उलटतपासणी आहे. आरोपी शास्त्र, साक्षीदार शास्त्री, आणि प्रश्न विचारणारा एक निवृत्त महार फौजी. पुढे त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापन केली. आपली संस्था, आपले नाव, आपले काम.

मग १८९२ मध्ये सरकारने महारांची लष्करभरती बंद करण्याचा हुकूम काढला. ‘लढवय्या जाती’चे खूळ तेव्हा साहेबांच्या डोक्यात शिरले होते. कोरेगावपासून ज्यांनी रक्त सांडले त्यांना एका फटक्यात नालायक ठरवले गेले. पेन्शनर वस्तीसाठी हा नुसता अपमान नव्हता, वर येण्याची एकमेव शिडीच काढून घेतली गेली होती. १८९४ मध्ये गोपाळबाबांनी सरसेनापतीला उद्देशून अर्ज तयार केला: आमच्या लोकांना पुन्हा भरती करा. याच हुकमाविरुद्धचा महार अधिकाऱ्यांचा आणखी एक अर्ज बाबासाहेबांना वडिलांच्या जुन्या कागदांत सापडला होता. तो न्यायमूर्ती रानड्यांनी लिहून दिला असे त्यांना कळले, ही आठवण त्यांनी १९४३ च्या पुण्यातील रानडे-व्याख्यानात सांगितली आहे.

१८९४ हे साल आता दोन्हीकडून बघा. मद्रासला आयरिश खासदाराच्या अध्यक्षतेखाली काँग्रेस भरते. तिच्या त्या काळातल्या मागण्या काय? आयसीएसची परीक्षा इंग्लंडप्रमाणे हिंदुस्थानातही घ्या, कौन्सिलात आमची माणसे वाढवा, लष्करात वरच्या हुद्द्यांची दारे हिंदी माणसांना खुली करा. अधिकाऱ्याची जागा मागणे म्हणजे राष्ट्रकार्य. आणि दापोलीत एक माणूस साधा शिपाई होऊ द्या म्हणून अर्ज लिहितो, ती मात्र इंग्रजांची खुशामत! दोघेही सरकारकडेच मागत होते, कागदही त्याच सरकारच्या दारात जाणार होता. फरक मागणाऱ्याच्या जातीचा होता.

त्या अर्जाची मांडणी आम्हाला जशीच्या तशी पटते असे नाही. आम्ही मुळचे क्षत्रिय, दुर्गादेवीच्या दुष्काळात नको ते खावे लागले म्हणून खाली ढकलले गेलो, असा त्यात दावा आहे. एका बाजूला स्वतःला अनार्य म्हणायचे, दुसऱ्या बाजूला क्षत्रियत्वावर हक्क सांगायचा, ही ओढाताण उघड दिसते. बाबासाहेबांनी पुढे वंशाचा सिद्धांतच नाकारला आणि १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमाची वेगळीच, बौद्ध धम्माशी जोडलेली मीमांसा केली. गोपाळबाबांकडे ते साहित्य नव्हते. साहेबाला ‘लढवय्या’ रक्त हवे होते, म्हणून त्यांनी त्याच भाषेत उत्तर दिले. अर्ज लिहिणाऱ्याला समोरच्याची भाषा वापरावी लागते, हे सरकारी कचेरीत कधी अर्ज केलेल्या कुणालाही कळेल.

आता १८९५. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या आणि शाळेच्या पुस्तकात त्या एकत्र कधी येत नाहीत.

टिळक मुंबई कायदेमंडळात गेले. डिसेंबरात पुण्याला काँग्रेस भरली, तेव्हा रानड्यांच्या सामाजिक परिषदेला काँग्रेसच्या मांडवात जागा मिळू दिली नाही. परिषदेने स्वतःचा मांडव घातला तर तो जाळू अशी धमकी आली, हे बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलन’मध्ये नोंदवले आहे. आणि महाडच्या तालुका लोकल बोर्डावर सरकारने गोपाळबाबा वलंगकरांची नेमणूक केली.

बोर्डातल्या सवर्ण सदस्यांचा तिळपापड झाला. वर्तमानपत्रांतून चर्चा रंगली. एक महार आपल्याबरोबर बसणार, रस्ते आणि विहिरींच्या कामावर बोलणार! तालुका बोर्ड म्हणजे काय मोठे साम्राज्य नव्हे. पण जिथे सार्वजनिक पाण्याचा आणि वाटेचा निर्णय होतो ती जागा कुणाची, हा प्रश्न तिथे पहिल्यांदा उभा राहिला. मद्रासला हजारो मैलांवरून आलेला परधर्मीय परदेशी अध्यक्ष चालला. महाडला शेजारच्या रावढळचा माणूस चालला नाही.

‘पण ते सरकारनियुक्त होते, लोकांनी निवडलेले नव्हते,’ असा आक्षेप घेतला जातो. बरोबर आहे. मत कुणाला होते? ज्याच्याकडे जमीन आणि कर भरण्याची ऐपत त्याला. महारवाड्याला मतच नाही, तर निवडून कोण देणार? टिळक कायदेमंडळात गेले तेही इंग्रजांनीच केलेल्या कायद्याच्या वाटेने. एकाची पायरी राष्ट्रीय आणि दुसऱ्याची गुलामीची, हा हिशेब आम्हाला मान्य नाही. पुढे जानेवारी १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या स्वतंत्र प्रतिनिधित्वाची मागणी केली, तिच्या मागे महाडचा हा अनुभव उभा आहे: नुसती खुर्ची मिळून भागत नाही, ती आपल्या लोकांच्या मताने मिळाली पाहिजे. नवी मुंबईत राखीव वॉर्डातून निवडून आलेल्याला पक्षाच्या बैठकीत मागच्या रांगेत बसवले जाते, तेव्हा हाच प्रश्न अजून सुटलेला नाही हे दिसते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. वेब स्वतः अल्पसंख्य प्रोटेस्टंट होता आणि तरी कॅथलिक बहुसंख्येच्या राष्ट्रवादावर त्याने विश्वास ठेवला, मग अस्पृश्यांनी का नाही ठेवला? कारण क्वेकर संख्येने थोडे होते तरी त्यांच्याकडे छापखाने होते, व्यापार होता, मत होते. डब्लिनमध्ये वेबला कुणी पाणवठ्यावरून हाकलत नव्हते. त्याच्यासाठी राष्ट्रवाद ही निवड होती, आणि ती त्याने उदारपणे केली, याबद्दल आम्हाला आदरच आहे. पण ज्याच्या स्पर्शाने पाणी बाटते त्याला राष्ट्राच्या मांडवात बोलावण्याआधी मांडवाच्या मालकाने काहीतरी करायचे असते. काँग्रेसने अस्पृश्यतेविरुद्ध पहिला ठराव केला तो १९१७ च्या कलकत्ता अधिवेशनात, वेबनंतर २३ वर्षांनी. अध्यक्षस्थानी ॲनी बेझंट होत्या, याही आयरिश रक्ताच्या. अस्पृश्यांची मुले इतरांबरोबर एका वर्गात बसवू नयेत असे बाईंनी १९०९ मध्ये लिहिले होते. होमरूल लीग त्यांनीही काढली आणि टिळकांनीही. होम कुणाचे, हे दोघांच्याही पाटीवर लिहिलेले नव्हते.

गोपाळबाबा १९०० मध्ये गेले. महारांची भरती लगेच सुरू झाली नाही. ती पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा पुन्हा झाली आणि महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला, तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब तळ्यावर गेले. त्या परिषदेला कोकणातून आलेल्यांत निवृत्त शिपाई होते, म्हणजे गोपाळबाबांच्याच जगातले लोक.

दर वर्षी २० मार्चला ऐरोली, नेरूळ, तुर्भे, पनवेलहून गाड्या भरून आपण महाडला जातो. रावढळ तिथून जवळच आहे.